विंडोजशेजारी लिनक्स बसवताना डिस्क अडते तेव्हा

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. "मामा, इन्स्टॉलरमध्ये माझी डिस्कच दिसत नाहीये रे. नुसता पेनड्राइव्ह दिसतोय. पुढे नेक्स्ट करू का?" म्हटलं, माउसवरचा हात काढ, मशीन बंद कर, विंडोजमध्ये जा आणि डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा फोटो पाठव. "अरे, पण अडलंय लिनक्समध्ये, विंडोजमध्ये कशाला जाऊ?"

हा प्रश्न मला बहुतेक सगळे विचारतात. पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांचं दुखणं दिसतं इन्स्टॉलरमध्ये, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा विंडोजमध्ये नाहीतर बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये असतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट संपला आणि घरोघरचे चांगले चालते लॅपटॉप लिनक्सकडे वळायला लागले, तेव्हापासून असे फोन वाढलेत. खाली मी लिनक्स मिंट हा लिनक्सचा प्रकार धरून सांगतोय. उबुंटूत खिडक्या थोड्या वेगळ्या दिसतात, डिस्क मात्र तीच.

पहिली गोष्ट, फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला, असं समजणारे मी पाहिलेत. ते बॅकअप नव्हे.

आधी कागदावर नकाशा

विंडोजचं बटण धरून एक्स दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खाली ज्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या जशाच्या तशा कागदावर काढा, आकड्यांसकट. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण पुढे सगळं त्याच्यावर चालतं.

अलीकडच्या लॅपटॉपवर साधारण असं दिसेल: डावीकडे १०० किंवा २६० एमबीचं ईएफआय सिस्टिम पार्टिशन (यात सिस्टिम सुरू करणाऱ्या फायली असतात), मग मोठा सी ड्राइव्ह, आणि शेवटी काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून. जागा कुणी खाल्लेली नाही.

आता पट्टीच्या डाव्या टोकाला जिथे 'डिस्क ०' लिहिलंय तिथे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. व्हॉल्यूम्सच्या टॅबमध्ये पार्टिशन स्टाइल, म्हणजे पार्टिशनची यादी ठेवायची पद्धत लिहिलेली असते, नवी जीपीटी किंवा जुनी एमबीआर. ती कागदावर लिहा. मग स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून 'बायोस मोड' बघा, मशीन सुरू व्हायची नवी पद्धत युईएफआय की जुनी लेगसी. तेही लिहा. जोडी जमते ती अशी: युईएफआयबरोबर जीपीटी, लेगसीबरोबर एमबीआर. पेनड्राइव्हही त्याच मोडमध्ये सुरू व्हायला हवा. रूफस या प्रोग्रामने लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवताना पार्टिशन स्कीम विचारली जाते, तिथे हाच कागद बघून उत्तर द्या.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. कुठून कुठपर्यंत कुणाचा तुकडा, एवढंच त्यात लिहिलेलं असतं, शेतातलं पीक त्यात नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे एके ठिकाणी कामाला येईल.

सी ड्राइव्हच्या पट्टीत 'बिटलॉकर एन्क्रिप्टेड' लिहिलेलं दिसलं, म्हणजे विंडोजने ड्राइव्हला कुलूप घातलेलं असेल, तर तिथेच थांबा. बिटलॉकर मी कधी चालूच केला नव्हता, असं लोक म्हणतात आणि ते खरंही असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. सेटिंग्जमधून ते बंद करा आणि पूर्ण उलगडेपर्यंत वाट बघा. तास-दोन तासही लागू शकतात. बंद करायचं नसेल तर निदान ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज सुरू होताना हीच की मागू शकतं, आणि त्या वेळी ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये असून उपयोग नसतो.

चारच हिस्से असलेली जुनी डिस्क

डिस्क जीपीटी असेल तर हा भाग सोडून द्या. एमबीआरमध्ये प्रायमरी पार्टिशनं चारच मावतात. विंडोज ७ च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपवर ही चारही जागा आधीच भरलेल्या असत: सिस्टिम रिझर्व्हड, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या टूल्सचं एक. मग तुम्ही सी मधून ५० जीबी मोकळे केले तरी लिनक्सचा इन्स्टॉलर त्या जागेपुढे 'अनयुजेबल' लिहितो. जागा आहे, पण सातबाऱ्यावर पाचवं नाव लिहायला ओळ नाही.

दुकानातून जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर सी, डी, ई असे ड्राइव्ह असतात. तिथे डी आणि ई बहुधा एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतात, डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याभोवती हिरवी चौकट दिसते. डी मधून जागा काढली की ती चौकटीच्या आत फिकट हिरव्या रंगात 'फ्री स्पेस' म्हणून दिसते. ती लिनक्सला चालते, लॉजिकल पार्टिशनवर लिनक्स छान बसतं. शिवाय डी वर विंडोजच्या न हलणाऱ्या फायली सहसा नसतात, त्यामुळे जागाही पटकन सुटते. डी असेल तर मी सी ला हात लावत नाही.

माझी स्वतःची चूक इथलीच. बहिणीच्या जुन्या लॅपटॉपवर चार प्रायमरी भरलेली होती. मोकळ्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' केलं. विंडोजने इशारा दिला, ही डिस्क डायनॅमिक होईल. शब्द चांगला वाटला, मी येस दाबलं. विंडोज चालत राहिलं, पण लिनक्सच्या इन्स्टॉलरला सगळी डिस्क एकच अनोळखी ठोकळा दिसायला लागली. विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी परत बेसिक करायचं तर सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात. दोन दिवस नुसती कॉपी करण्यात गेले. म्हणून, डायनॅमिक शब्द दिसला की नो. आणि मोकळी केलेली जागा विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका, तिला नाव किंवा अक्षरही देऊ नका. काळी आहे तशी काळीच राहू द्या.

चार भरलेल्या असतील तर कंपनीच्या टूल्सचं पार्टिशन उडवणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय, अर्थात त्यातला माल आधी कॉपी करून. विंडोज १० ला एमबीआरचं जीपीटी करणारं टूल २०१७ च्या १७०३ आवृत्तीपासून आहे, पण मशीनला युईएफआय येत असेल तरच त्याच्या वाटेला जा.

सी ड्राइव्ह जागा सोडत नाही

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे. सी वर २५० जीबी मोकळे दिसतात, राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' करावं तर विंडोज म्हणतं ११ जीबीच मिळतील. यात विंडोज खोटं बोलत नाही. पार्टिशन उजवीकडून कमी होतं, आणि उजव्या बाजूला एखादी न हलणारी फाइल ठाण मांडून बसली असेल तर तिच्यापुढे ते सरकत नाही. बसमध्ये मागच्या सीटवर एकच माणूस झोपलाय आणि बाकी बस रिकामी, तसं.

हा झोपलेला कोण, ते शोधता येतं. श्रिंकचा एकदा प्रयत्न करा, मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज आणि त्यात ॲप्लिकेशन बघा. २५९ क्रमांकाची नोंद शोधा. त्यात शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. बहुतेकदा पुढच्या तिघांपैकी एक निघतो.

हायबरफिल नावाची फाइल असेल तर ती हायबरनेशनची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा द्या, अक्षरं अर्थातच इंग्रजीत. फाइल जाते, आणि तिच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, जे आपल्याला तसंही करायचंच आहे. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल) असेल तर ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमधून व्हर्च्युअल मेमरीत जाऊन 'नो पेजिंग फाइल' निवडा, सेट दाबा, मशीन रीस्टार्ट करा. सेट न दाबता ओके केलं तर काहीच होत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात. नोंदीत 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' दिसलं तर ते रिस्टोअर पॉइंट. सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करून जुने पॉइंट पुसा.

मग पुन्हा श्रिंक. एक उठला की त्याच्या मागचा दुसरा सापडतो, तेव्हा नोंद दोन-तीनदा बघावी लागेल. जागा मिळाली की पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करा. हायबरनेशन नको.

एवढं करूनही नोंदीत एमएफटीचं नाव येत असेल, तर तो एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या फायली मांडायच्या पद्धतीचा, स्वतःचा नोंदवहीचा भाग आहे, विंडोज चालू असताना श्रिंक त्याला हलवत नाही. तेव्हा मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून, जी-पार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडून तिथून सी लहान करता येतो. त्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डिस्क तपासेल, ते तपासू द्या. जी-पार्टेडमध्ये एक पथ्य पाळा: फक्त उजवी कड आत घ्या. डावी कड सरकवली तर सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडला जातो, तासन्‌तास लागतात आणि मध्येच वीज गेली तर संपलं. आमच्याकडे पावसाळ्यात मी हे काम काढतच नाही.

किती जागा काढायची? मिंट २० जीबीत बसतं आणि १०० जीबी असलेली बरी, असं मिंटवाले सांगतात. शिकण्यापुरतं ५० जीबी ठीक. श्रिंकच्या चौकटीत एमबीत आकडा द्यायचा असतो, म्हणजे ५१२००. हा आकडा कागदावर लिहा.

पूर्ण बंद म्हणजे पूर्ण बंद

विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. त्या अवस्थेत लिनक्स सी ड्राइव्ह नुसता वाचू देतं किंवा हातच लावत नाही, आणि लहान करायला तर साफ नकार देतं. पॉवर ऑप्शन्समध्ये 'पॉवर बटण काय करतं' या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एकदाच पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही

ही भाच्याची केस. इंटेल प्रोसेसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचा कारभार कंपनीने इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेकडे दिलेला असतो. बायोसमध्ये साटा मोडपुढे 'रेड' किंवा 'आरएसटी' लिहिलेलं असतं. विंडोजकडे तिचा ड्रायव्हर असतो, लिनक्सला काही मशीनवर ती समजत नाही. मोड एएचसीआय, म्हणजे लिनक्सला समजणारा, करायचा, पण थेट केला तर विंडोज निळा पडदा दाखवून 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणतं. घाबरू नका, जुना मोड परत लावला की विंडोज पूर्वीसारखं उठतं.

नीट करायची पद्धत अशी. विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडा, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करा. सुरू होतानाच बायोसमध्ये शिरून मोड एएचसीआय करा किंवा व्हीएमडी बंद करा. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि एएचसीआयचा ड्रायव्हर उचलेल. मग सेफ बूटची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. दोन बारीक गोष्टी: सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याचा खरा पासवर्ड आधी आठवून ठेवा. आणि काही एसर लॅपटॉपवर व्हीएमडीचा पर्याय लपवलेला असतो, बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल आणि एस दाबल्यावर तो दिसतो. भाच्याला तो नेमका तसाच सापडला.

नकाशा जुळतोय का

मिंटचा इन्स्टॉलर विचारतो, विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी बसवू, सगळी डिस्क पुसून बसवू, की 'समथिंग एल्स'. शेजारी बसवायचा पर्याय दिसलाच नाही, तर त्याला विंडोज सापडलेलं नाही. मोड चुकलाय किंवा बिटलॉकर चालू आहे. मागे फिरा. त्याऐवजी 'डिस्क पुसा' निवडणाऱ्यांचे फोन मला दुसऱ्या दिवशी येतात.

मी नेहमी समथिंग एल्सच घेतो, कारण तिथे पूर्ण तक्ता दिसतो. हा तक्ता आणि तुमचा कागद शेजारी ठेवा. नावं वेगळी दिसतील. साटा डिस्क 'एसडीए', तिचे तुकडे एसडीए१, एसडीए२. एनव्हीएमई डिस्क 'एनव्हीएमई०एन१' आणि तिचे तुकडे पी१, पी२ असे. पेनड्राइव्हही यादीत असतो, त्याला आकारावरून ओळखा.

दोन फरक दिसले तर दचकू नका. एक, १६ एमबीचा एक तुकडा जास्त दिसेल. तो मायक्रोसॉफ्टचा राखीव, डिस्क मॅनेजमेंट तो दाखवतच नाही. दोन, इथे एमबी हजाराच्या पटीत मोजतात, म्हणून तुमची ५१२०० ची मोकळी जागा ५३६८७ दिसेल आणि १०० चं ईएफआय १०४ दिसेल. या दोन सोडून तिसरा फरक असेल, म्हणजे एखादा तुकडा गायब असेल किंवा सगळी डिस्क एकच मोकळी पट्टी दिसत असेल, तर पुढे जायचं नाही.

जुळलं, तर मोकळ्या जागेवर अधिकचं चिन्ह दाबा, प्रकार एक्स्ट४, माउंट पॉइंट फक्त एक तिरकी रेघ. ती द्यायला विसरलात तर 'नो रूट फाइल सिस्टिम' अशी तक्रार येते. वेगळं स्वॅप (लिनक्सची पेजफाइल) पार्टिशन आता लागत नाही, स्वॅपची फाइल इन्स्टॉलर स्वतः करतो. ईएफआय पार्टिशन जे आहे तेच वापरलं जातं. त्याच्या ओळीत 'फॉरमॅट'च्या रकान्यात चुकूनही खूण नको, विंडोजला उठवणाऱ्या फायली तिथेच आहेत.

इन्स्टॉलर मध्येच विचारेल, मशीन युईएफआयमध्ये सुरू झालंय पण आधीची सिस्टिम बायोस मोडमधली दिसते, तरी पुढे जाऊ का? याचं उत्तर 'गो बॅक'. पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये सुरू झालाय. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो, एकदा युईएफआय शब्दासह आणि एकदा त्याशिवाय. कागदाशी जुळणारा घ्या.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर शेवटची एक यादी येते, काय काय फॉरमॅट होणार त्याची. तोपर्यंत नवं पार्टिशन डिस्कवर लिहिलेलं नसतं. अपवाद एक, तिथूनच आधीच्या पार्टिशनचा आकार बदलला तर तो लगेच बदलतो. यादीत तुमचा नवा एक्स्ट४ तुकडाच असायला हवा. जास्त काही असेल तर परत.

दोन डिस्क असतील आणि लिनक्स दुसरीवर टाकत असाल, तर बूटलोडरसाठी (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामसाठी) दुसरी डिस्क निवडली तरी हा इन्स्टॉलर कधी कधी पहिल्याच डिस्कच्या ईएफआयमध्ये जाऊन लिहितो. शक्य असेल तर तेवढ्यापुरती पहिली डिस्क काढून ठेवा.

चुकीचं पार्टिशन उडवलं तर

सातबारा आठवा. पार्टिशन उडवलं म्हणजे नोंद खोडली गेली, पीक अजून उभं आहे, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. एसएसडीवर जोखीम जास्त, कारण ट्रिम चालू असेल तर रिकामी ठरलेली जागा डिस्क स्वतःच साफ करते. म्हणून त्या डिस्कवरून विंडोज चालू करू नका, 'फॉरमॅट करून बघतो' तर नकोच. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून टेस्टडिस्क चालवा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं हे मोफत साधन डिस्क चाळून जुन्या पार्टिशनच्या खुणा शोधतं. आधी ॲनलाइज, मग क्विक सर्च. सापडलेल्या पार्टिशनवर पी दाबून आतल्या फायलींची नावं दिसतात का बघा. दिसली आणि यादी तुमच्या कागदाशी जुळली, तरच राइट करा. शंका असेल तर राइट न करता सी दाबून फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

बसल्यानंतरच्या कुरबुरी

रीस्टार्ट केल्यावर थेट विंडोजच उघडलं, तर लिनक्स गेलेलं नाही. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' वर आणा. मिंट बसवलं तरी तिथे नाव उबुंटूच दिसतं, त्यात गोंधळू नका. उलट, ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरच्या यादीत विंडोज नसेल तर लक्षात घ्या की ग्रब २.०६ पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. काही लिनक्सवाले तो स्वतः चालू करून देतात, काही नाही. तोवर बायोसच्या बूट मेन्यूतून विंडोज उघडता येतं.

विंडोजमध्ये कधी 'ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी आली तर कॅन्सल. तो तुमचा लिनक्सचा तुकडा आहे, विंडोजला एक्स्ट४ वाचता येत नाही म्हणून ते तसं म्हणतं.

लिनक्स काढून टाकायचं ठरलं, तर आधी बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर वर आणा, एकदा विंडोज उघडून खात्री करा, मगच पार्टिशन उडवा. लेगसी मशीनवर बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर नसतो, तिथे नुसतं पार्टिशन उडवलंत तर 'ग्रब रेस्क्यू' लिहिलेला काळा पडदा समोर येईल, आणि विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बूटरेक /फिक्सएमबीआर' चालवावं लागेल. मोकळी झालेली जागा सी ला लगेच उजवीकडे लागून असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने परत जोडता येते. मध्ये रिकव्हरी आलं असेल तर तो पर्याय करडाच राहतो.

भाच्याचं त्या रात्री सव्वाबाराला पार पडलं. सकाळी पुन्हा मेसेज: "मामा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलंय, पार्टिशन बिघडलं का?" नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एकदा चालवायला सांगितलं, आणि विंडोजमध्ये गेल्यावर वेळ एकदा सिंक करून घ्यायला.